पक्कं बांधकाम

१९८६ साली दहिसरच्या एका नव्या चाळीत द्रौपदीबाई एजंट म्हणून पहिल्यांदाच गिऱ्हाइकाला खोली दाखवत होत्या. सावंत मास्तरांनी भिंतीवर बुक्की मारून पाहिली.

“बाई, बांधकाम पक्कं आहे ना? एजंट काय, काहीही सांगतात.”

“बाजूची खोली मी स्वतः घेतलीय, मास्तर. बांगड्या मोडून, हप्त्यांवर. भाड्याने द्यायचीय.”

मास्तर चमकले. “एवढी हिंमत केलीत? कोणाच्या भरवशावर?”

“माझ्याच.” द्रौपदीबाईंनी भिंतीवर तळवा टेकवला. “दीड वर्ष ह्या चाळीच्या विटा मी डोक्यावरून वर चढवल्यात. गवंड्याच्या हातात कच्ची वीट एकदासुद्धा दिली नाही.”