चांगुणाची जाग

विहिरीच्या कठड्याशी बेचाळीस हंडे मांडलेले होते. घरं एकवीस, घरटी दोन हंडे. भीमाचे दोन्ही फुटके, डांबर लावून बुजवलेले. बहात्तरच्या दुष्काळात विहिरीत रोज तेवढंच पाणी झिरपायचं, आणि गेला आठवडाभर शेवटचा एक हंडा कोरडा राहत होता. रात्रीच्या राखणीला भीमा. म्हणून चोर भीमा.

"आई सांगंल ते खरं," सरपंच आसाराम म्हणाला. "भीमाचं नाव निघालं, तर त्याचं पानी आजपास्नं बंद."

भीमा दोन लेकरं पोटाशी धरून उभा होता.

आई म्हणजे गावदेवी. ती चांगुणाच्या अंगात यायची. मंगळवारी देवळापुढं संबळ वाजलं की आधी चांगुणाचे तळवे गार पडत. मग दातखीळ बसे. झोपेतून डोळे उघडावेत पण बोटही हलू नये, तसं काहीसं होई, आणि तिच्या तोंडून दुसरंच कुणी बोलू लागे. नंतर तिला त्यातलं काही आठवत नसे.

आज संबळ वाजत राहिलं. तळवे गरमच होते. ते हंडाभर पाणी तिनंच नेलं होतं, रोज पहाटे, भीमाचा डोळा लागला की. गोठ्यात तिची गाभण गाय जीभ काढून पडली होती.

"देवीबी आज पान्यालाच गेली का काय?" कडूबाई पुटपुटली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या.

चांगुणानं भीमाच्या लेकरांकडे पाहिलं. मग केस सोडले. जन्मात पहिल्यांदा ती खोटं घुमली.

"भीमा न्हाई!" ती ओरडली. "पानी ह्या चांगुणानं नेलं! तिला शिक्षा करा!"

संबळ थांबलं. आसारामनं टोपी काढून तिच्या पायांवर डोकं ठेवलं.

"आई, तुलाच तहान लागली हुती. आमाला कळलं न्हाई."

"आसारामदादा, मी शुद्धीवर हाय! मीच नेलं, माज्या गायीसाठी!"

"व्हय आई, व्हय." तो बायांकडे वळला. "धरा तिला. घरी नेऊन निजवा. अजून उतरलं न्हाई."

त्या रात्री चांगुणाचा डोळा लागला नाही. उजाडल्यावर तिनं दार उघडलं. अंगणात हंडे होते, काठोकाठ भरलेले. सगळ्या गावानं आपापल्या वाट्यातला घरटी एक आणून ठेवला होता.

चांगुणानं ते मोजले. तिचं घर सोडून वीस व्हायला हवे होते. एकवीस भरले. त्यांतले दोन डांबर लावलेले होते.