साहेबांसारखी मिशी

आमच्या जावईबापूंना अक्कल कधी आली नाही, मिशी तेवढी आली. तीही देशाच्या मोठ्या साहेबांसारखी ठेवली. रोज ती कोरून द्यायचा कोपऱ्यावरचा सलूनवाला. त्याचा आजा म्हणे सीमेपलीकडून आलेला. झालं! जावईबापूंनी टोळकं नेऊन त्याचे आरसे फोडले आणि त्याला बायकोपोरांसकट सीमेपार धाडायच्या ट्रकमध्ये कोंबलं. तो हात जोडून सांगत होता, "अहो, मी इथलाच आहे. माझंही देशावर प्रेम आहे." पण ऐकतो कोण?

मग मिशी घरीच कापायची वेळ आली. एक टोक वर, एक खाली. तसलं ध्यान साहेबांच्या स्वागताला पहिल्या रांगेत छाती काढून उभं राहिलं. साहेबांची टिंगल करतो म्हणून पोलिसांनी तिथूनच फरफटत नेलं.

लेक रडत माझ्याकडे आली. "आई, ठाण्यात चल ना गं! ह्यांचं देशावर किती प्रेम आहे ते सांग त्यांना."

 

मी म्हटलं, "बाई गं, सलूनवालाही तेच सांगत होता. तुझ्याच नवऱ्याला."