भिंगरी आणि झेल्या
भिंगरी शिडीच्या नवव्या पायरीवर थांबली. अजून अकरा पायऱ्या बाकी होत्या आणि खाली मास्तर हाताची घडी घालून वर बघत होते.

"चक्कर येतेय का?" त्यांनी विचारलं.

"नाही. श्वास घेतेय."

"घे, घे. फुकट आहे."

मास्तरांचं हे असंच. सगळी हयात सर्कशीत गेलेला माणूस, काळजी वाटली की टोमणा मारायचा. आठ वर्षांपूर्वी ती झोक्यांच्या कसरतीत हात सुटून जाळीच्या कडेच्या खांबावर आपटली, तेव्हा मात्र सगळ्यात आधी तेच धावले होते.

कंबरेचं हाड तीन ठिकाणी मोडलं होतं. दोन वर्षं काठी होती. अजूनही झोपेत पडल्यासारखं होऊन ती दचकून उठायची.

ती पडली तेव्हा तिचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं. आईची पाहुण्यांची यादी रोज वाढत होती आणि भिंगरीचं जेवण रोज कमी होत होतं. लग्नाची धास्ती घेतलीय, म्हणून सगळे हसायचे. नवरा मुलगा म्हणजे झेल्या, समोरच्या झोक्याला गुडघ्यांनी उलटा लटकून तिला झेलणारा. झेल बसला की एकमेकांची मनगटं धरायची, दोघांनीही, कारण घामाने ओलं झालेलं मनगट एकट्याच्या पकडीत टिकत नाही. त्या दिवशी झेल बरोबर बसला, एक हेलकावा झाला आणि ती सुटली.

मास्तरांचा नियम एकच होता. ज्याने हात सोडला त्याने तंबूही सोडायचा, कायमचा. त्यांनी विचारायच्या आत झेल्या म्हणाला, "माझा हात सुटला." संध्याकाळी त्याची ट्रंक बाहेर होती. हॉस्पिटलात तो गेला, तर भिंगरीच्या आईने दारातूनच वाटेला लावलं. तेव्हापासून तो एका गोदामात पोती उचलत होता.

त्याला परत आणायचं टुमणं भिंगरीनेच लावलं. वर्षभर तिने मास्तरांचं डोकं खाल्लं, तेव्हा कुठे ते तयार झाले. लोक म्हणायचे, पोरीचं मन केवढं मोठं. असं कुणी म्हटलं की ती विषय बदलायची.

आज सकाळी आईने पोळ्या लाटता लाटता पुन्हा तोंड सोडलं होतं. "ज्याने खाली टाकलं त्याच्याच हातात जाणार? अक्कल गहाण टाकलीस का?"

"डबा नको भरूस," भिंगरी म्हणाली. "मला उशीर होतोय."

काल तिने झेल्याला गोदामाबाहेर गाठून एका दमात सांगून टाकलं होतं. "उद्या मी तुझ्या हातात आले, तर सोमवारी नोंदणी कार्यालयात जायचं. नाही जमलं, तर मी पुन्हा तुझ्या वाटेला येणार नाही."

झेल्याने खांद्यावरची धूळ झटकली. मग म्हणाला, "मी असेन तिथे. तू ये म्हणजे झालं."

भिंगरी उरलेल्या पायऱ्या चढली आणि वरच्या फळीवर उभी राहिली. सरावाच्या शेडच्या खिडक्यांमधून सकाळचं ऊन सरळ जाळीवर पडलं होतं. जाळी आता दुपटीने रुंद होती, खांबांना गाद्या बांधल्या होत्या. समोरच्या झोक्यावर बसलेला झेल्या तळहातांना खडूची भुकटी चोळत होता. गेल्या आठवड्यापर्यंत त्याने आठ वर्षांत झोक्याला हात लावला नव्हता. आठवडाभर सराव म्हणून तो माणसाऐवजी नुसती वाळूची पोती झेलत होता.

"तयार?" मास्तरांनी विचारलं.

झेल्या उलटा झाला आणि झोके घ्यायला लागला. भिंगरीने आपल्या झोक्याची दांडी धरली आणि फळी सोडली.

"ये," झेल्याने हाक दिली.

तिचे हात दांडीवरून निघालेच नाहीत. ती तशीच परत आली आणि फळीवर मटकन बसली. उंचीची भीती कधीच गेली होती. तिला भीती हातांची होती.

"आज राहू दे का?" मास्तर खालून म्हणाले, आणि या वेळी त्यात टोमणा नव्हता.

"नको."

"घाई नाही," झेल्या समोरून म्हणाला. "मी इथेच आहे."

हे ऐकून तिला रडू आलं. आठ वर्षांत तो तिला एकदाही उलटून बोलला नव्हता, आणि तिला त्याचाच सगळ्यात जास्त त्रास व्हायचा. तिने डोळे पुसले, हातांना पुन्हा भुकटी लावली आणि उठली. प्रेम होतं, अजून होतं, आणि आज उडी घेतली नाही तर ते असंच कुजत पडणार होतं.

"ये."

तिने दांडी सोडली. क्षणभर वर काही नव्हतं आणि खालीही काही नव्हतं. मग फट्‌ असा आवाज झाला आणि झेल्याची बोटं तिच्या मनगटांवर मिटली. तिनेही धरलं. खाली मास्तर बाकावर टेकले.

एक हेलकावा झाला. भिंगरीची बोटं गार पडली आणि एकेक करून ढिली व्हायला लागली. तिने मान वर केली. झेल्याचा उलटा, लालबुंद चेहरा अगदी जवळ होता.

"मला तुला काहीतरी सांगायचंय," ती कशीबशी म्हणाली.

"सोमवारी सांग," झेल्या हळूच म्हणाला. "आत्ता फक्त पुन्हा हात सोडू नकोस. दोन्ही वेळा माझाच सुटला, हे मास्तरांना पटायचं नाही."