धुतलेले हात

"सिस्टर, उलटी येतेय," टेबलावरची बाई म्हणाली. बाळाचे ठोके मंदावले म्हणून तिला तातडीनं सीझरला घेतलं होतं. पाठीत इंजेक्शन देऊन भुलीच्या मॅडम शेजारच्या थिएटरमध्ये धावल्या. आज दोन्हीकडे त्या एकट्याच. मावशींनाही तिकडंच नेलेलं.

मी हात धुऊन, निर्जंतुक ग्लोव्हज घालून उभी. आता कशालाही शिवायचं नाही. हाका मारल्या, कुणी आलं नाही.

ती ओकली आणि गुदमरली. कंबरेखाली बधिर, वळता येईना. मी तिचं डोकं धरून एका बाजूला केलं.

ऑपरेशन करणारे सर धुतलेले हात वर धरून आत आले. "हात लावलात? जा, पुन्हा धुऊन या."

"अजून उमासे येतायत. डोकं कोण धरणार, सर?"

सरांनी आपल्या हातांकडं पाहिलं.

"डॉक्टर आले ना?" बाईनं विचारलं. "मग करा की सुरू."