बारसं व्हायचंय

पुण्याच्या एका कंपनीनं नोकरी देण्याआधी रेश्माला घरून एक प्रोग्राम लिहून पाठवायला सांगितला होता. लहान मुलांच्या लसींची नोंद ठेवायची, मुदत चार दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळीच तो तयार झाला. पाठवण्याआधी तिनं लॅपटॉप आईपुढे ठेवला. राहीबाई अठरा वर्षं पाचाडच्या वाड्यांवर आशाताई होती.

राहीबाईनं चष्मा लावला आणि एका बाळाची नोंद केली. नावाची जागा रिकामी ठेवली. प्रोग्राम बंद पडला.

"नाव का नाही टाकलंस?"

"बारसं व्हायचंय अजून."

मग तिनं जुळ्या मुली टाकल्या. आई एक, जन्मतारीख एक. दुसरीची नोंद प्रोग्राम घेईना. तिसऱ्या बाळाला तिनं वडिलांचं नाव दिलं नाही.

"आई, ते टाकावंच लागतं."

"त्याची आय सांगत नाय गो. मंग पोराला लस नाय द्यायची?"

रेश्मा वही घेऊन तिच्या शेजारी बसली. संध्याकाळपर्यंत सहा पानं भरली. त्यातलं एकही बाळ तिला स्वतःला सुचलं नव्हतं. चौथ्या दिवशी तिनं प्रोग्राम सुधारून पाठवला.

मुलाखतीत मॅडमनी विचारलं, "बिननावाचं बाळ, जुळ्या मुली... बहुतेकांचे प्रोग्राम इथेच अडकले. तुम्हाला एवढ्या कल्पना कशा सुचल्या?"

"कल्पना नाहीत, मॅडम," रेश्मा म्हणाली. "त्या जुळ्या मुली यंदा दहावीला आहेत."