पडद्यावरचा बाण

अकरा वाजून दहा मिनिटं झाली तरी पडद्यावरचा बाण हलला नव्हता.

मुक्ताई माइक हातात घेऊन खुर्चीत ताठ बसली होती. एरवी रविवारी अकराच्या ठोक्याला बाण आपला आपण हलायचा, गाण्यांच्या यादीवरून खाली सरकायचा, एका नावावर थांबायचा, आणि दोन्ही स्पीकरमधून सूर सुरू व्हायचे. आठवड्यातला हा एकच तास तिचा होता. तो गेला, तर सोमवार ते शनिवार कशाच्या आधारावर ढकलायचे हे तिला खरोखर माहीत नव्हतं.

ही सगळी जोडणी तेजसची. नारायण पेठेत तेव्हा अशी वेळ आली होती, की ज्याचा मुलगा अमेरिकेत नाही त्याला जिन्यात उभं राहून बोलायला विषय नसायचा. तेजसही गेला. जाण्याआधी त्यानं घरात ब्रॉडबँड घेतलं, कॉम्प्युटरवर कराओके बसवलं आणि म्हणाला, "आई, तू नुसतं गायचं. गाणं निवडणं, पट्टी लावणं, आवाज कमीजास्त करणं, सगळं मी तिकडच्या कॉम्प्युटरवरून करीन. हेडफोन लावून तुझं गाणं ऐकेनसुद्धा." पासवर्ड त्यानं कागदावर लिहून कपाटाच्या दाराला आतून चिकटवून ठेवला. बाबांना काही लक्षात राहत नाही म्हणून.

दाराशी बसलेल्या जुबेदानं घड्याळाकडे पाहिलं. ती खालच्या मजल्यावर राहायची, शिवणकाम करायची आणि दर रविवारी न चुकता वर यायची. पण पडद्यासमोर कधी बसायची नाही. बाण हलला की पदर डोक्यावर ओढून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायची.

"आज राहू द्या ना, मुक्ताताई," ती म्हणाली. "कधीतरी हे थांबायचंच."

"का थांबेल?"

जुबेदा आणखी दाराकडे सरकली.

"आषाढातही एकदा असंच झालं होतं," मुक्ताई म्हणाली. "हे तापानं फणफणले होते, आणि नेमका त्याच रविवारी बाण हलला नाही. दोन दिवस माझ्या घशाखाली घास उतरला नाही. पण पुढच्या रविवारी हलला ना?"

'हे' म्हणजे ज्ञानदेव, तिचे यजमान. टेलिफोन खात्यात उभा जन्म गेला, पण गाणाऱ्या माणसाशी त्यांचा छत्तीसचा आकडा. रविवारी साडेदहा वाजले की पिशवी उचलायचे. "तुमचा गोंधळ सुरू व्हायच्या आत मार्केट यार्डात जाऊन येतो. तिथले हमाल तुमच्यापेक्षा सुरात ओरडतात." साडेबाराला परत यायचे. पिशवीत, कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेसमोर यमुनाबाई विकते तसलीच मलूल मेथी. एवढ्या लांब जाऊन माणूस अशी भाजी कशी काय निवडतो, हे मुक्ताईनं कधी विचारलं नव्हतं.

अकरा पस्तीसला बाण थरथरला.

मुक्ताईनं श्वास सोडला. पडद्यावर अक्षरं उमटू लागली. तेजसचं वाक्य पूर्वी झरझर उमटायचं. हल्ली एकेक अक्षर सावकाश यायचं. आ. ई. मग बऱ्याच वेळानं, सुरू कर.

"मला भीती वाटते हो," जुबेदा पुटपुटली.

"पोटच्या पोराची कसली भीती?"

सूर सुरू झाले. पट्टी काळी तीन. तेजसनं कायम पांढरी पाच लावली होती. थंडीतल्या खोकल्यानं मुक्ताईचा आवाज उतरला, आणि तेव्हापासून पट्टीही उतरली. तिनं कुणाला सांगितलं नव्हतं. दुसऱ्या कडव्यात तिचा दम तुटला, तसा वाद्यांचा आवाज हलकेच चढला आणि तिला सांभाळून पुढं घेऊन गेला. तिचे डोळे भरून आले, पण ती गात राहिली.

चार गाणी झाली. बाण कोपऱ्यात जाऊन निपचित पडला. जुबेदानं उठताना तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि ती जिना उतरून गेली.

ज्ञानदेव एक वाजता आले ते लंगडतच. पँट गुडघ्यावर फाटली होती. डोक्यावरचे विरळ केस मधोमध दाबले गेले होते.

"बस धरताना पडलो. पावणेअकराला."

"मग तसेच घरी का नाही आलात?"

"भाजी राहिली असती."

"भाजी कुठाय?"

ज्ञानदेवांनी हातातल्या रिकाम्या पिशवीकडे पाहिलं. "पुण्यात भाजी मिळणं बंद झालंय," ते म्हणाले आणि खुर्चीत बसले.

मुक्ताईनं आंबेहळद उगाळली. गुडघा चांगलाच सुजला होता. ती लेप लावत असताना ते भिंतीकडे बघत म्हणाले, "आला होता का तुझा तेजस?"

"आला होता. जरा उशिरा."

"कामं असतात गं त्यांना. काय काय लावलं?"

"चार गाणी. शेवटचं जरा चढं गेलं मला."

"मग त्याला सांगायचं."

"सांगितलं की." तिनं जुन्या धोतराची पट्टी फाडली आणि गुडघ्याभोवती गुंडाळायला घेतली. "पुढच्या रविवारी मात्र गाणी नकोत."

ज्ञानदेवांचा चेहरा एकदम उतरला. "का गं? तो बिचारा तिकडे वाट बघत बसेल."

मुक्ताईनं पट्टीची गाठ मारली.

"वर्षश्राद्ध आहे त्याचं," ती म्हणाली. "तुम्हाला घरीच थांबावं लागेल."