रातची भाकर

दिवस कलला तशी नत्थुजींनी स्वतःच ओसरीत पाट मांडला. माहेरी आलेल्या लेकीने, रुख्मिणीने, वाढलं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडीची भाजी.

शेजारच्या दुर्गाबाईने दर्यापूरला तिच्या सासरी निरोप धाडला होता, "तुही माय गेल्यापासून तुहा बाप रातचा जेवत नाई. येऊन पाहून जा." रुख्मिणी छकड्यात बसली ती एकच धास्ती घेऊन. बा अन्न सोडून मायच्या मागे निघाले.

नत्थुजींनी हात धुतले.

"बा, थोडी भाकर झाकून ठेवू? रातच्याले?"

"नोको. आता सकाळीच."

रुख्मिणीने भाकरीची टोपली खाली ठेवली. "असं उपाशी राहून माय परत येनार हाय का?"

"उपाशी?" नत्थुजी हसले. "मंग या दोन भाकरी कोनं खाल्ल्या, मांजरीनं?"

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं. गाल भरले होते. काल रात्री ते चक्क आडवे होऊन घोरत होते. अमेरिकेतल्या लढाईने कापसाला सोन्याचा भाव आला, तेव्हापासून अमरावतीच्या बाजारात दिवेलागणीनंतरही गाड्या खोळंबायच्या. नत्थुजी कापसाची गाडी रिकामी करून उशिरा घरी येत, जेवत, आणि मग छातीतल्या जळजळीने भिंतीला टेकून ओवा चघळत रात्र काढत. माय म्हणायची, कापसाच्या तुसानं होते. ओव्याची पुरचुंडी आता खुंटीला तशीच बांधलेली होती.

"आग गेली छातीतली," नत्थुजी म्हणाले. "अंधार पडल्यावर खाल्लं का पेटत जाय. मले ठाऊक होतं."

"ठाऊक होतं? मंग इतके दिवस काहून खात होते?"

नत्थुजींनी रिकामं ताट बाजूला सारलं.

"तुही माय माह्याआंधी कधी जेवली का? चुलीपाशी वाट पाहत बसे. मी नाई म्हटलं असतं, तं थे बी उपाशी झोपली असती."

कितीतरी दिवसांनी रुख्मिणीचा श्वास मोकळा झाला होता आणि डोळे भरून आले होते.

"तू काहून थांबली?" नत्थुजींनी पाट तिच्याकडे सरकवला. "घे वाढून. उजेड हाय तवर."

तिने फळीवरून आईचं पितळेचं ताट काढलं, पुसलं, आणि बापासमोर बसून भाकर मोडली. एरवी रात्रीच निघणाऱ्या त्या ताटावर संध्याकाळचं ऊन पडलेलं ती पहिल्यांदाच बघत होती.